तीन नंबरच्या ब्लॉकला दिलेला आशीर्वाद

सेरगाझी आजोबांनी नाही म्हटलं, ही गोष्ट तोरगिनच्या डोक्यातून जाईना.

समोरच्या इमारतीत एका घरचा नातू पाऊल टाकायला लागला होता. अशा वेळी मुलाच्या पायांना दोरी बांधून ती कापायची, मूल दोन पावलं टाकतं, आणि मग जाणत्या म्हाताऱ्यानं हात पसरून आशीर्वाद द्यायचा. कोमिरकोल गावात हे काम गेली तीस वर्षं सेरगाझीच करत आले होते. लग्न असो, नवं घर असो, शाळेचं नवं छप्पर असो, बोलावणं आलं की टोपी चढवून ते निघत. या वेळी मात्र त्यांनी दारातूनच सांगितलं, "दुसरं कुणी बघा. माझ्या तोंडाचा आता भरवसा नाही."

मुलाच्या आजीला वाटलं, म्हातारा कवळीबद्दल बोलतोय. ती हा किस्सा अंगणात सगळ्यांना हसत हसत सांगत होती. तोरगिनला हसू आलं नाही. भरवसा कशामुळे गेला आणि कुणामुळे गेला, ते तिला ठाऊक होतं.

सेरगाझी या गावात आले तेव्हा गाव नव्हतंच. उघडा माळ, तंबू आणि कोळशाच्या खाणीचा एक खड्डा. ते वेल्डर होते. वीज केंद्राचे पहिले तीन बॉयलर ज्यांच्या हातांखालून गेले, त्यांच्यातले आता ते एकटेच उरले होते. बायको झाऊरे जाऊन अकरा वर्षं झाली. मुलगी दूर, रशियात. हिवाळ्यात सकाळी ते जिन्यातल्या गरम पाण्याच्या नळावर हाताची मागची बाजू टेकवत आणि सांगत, "केंद्रावर आज बोलातची पाळी आहे. हात राखून कोळसा घालतो तो." आणि बहुतेक वेळा ते खरं निघे. बाहेर उणे पस्तीस असताना अख्ख्या गावाची ऊब त्या एका केंद्रातून येते. त्यामुळे त्यांचं बोलणं कुणी चेष्टेवारी नेत नसे.

तोरगिन त्याच जिन्यात तिसऱ्या मजल्यावर राहत होती. केंद्राच्या प्रयोगशाळेची ती प्रमुख होती. बॉयलरचं पाणी तपासायचं, कोळशाचे नमुने जाळून बघायचे, हे तिचं काम. दोन मोठी मुलं राजधानीला, अस्तानाला गेली होती, धाकटा मेदेत तेवढा गावात राहिला होता. केंद्राच्या तीन नंबरच्या ब्लॉकवर, म्हणजे तिसरा बॉयलर आणि त्याचं टर्बाइन जिथं आहे तिथं, तो टर्बाइनला होता आणि त्याच्या बायकोला सातवा महिना लागला होता.

गेल्या गुरुवारी, या ब्लॉकच्या नव्या योजनेवरच्या जनसुनावणीच्या आदल्या संध्याकाळी, सेरगाझी तिच्याकडे चहाला आले. मेदेत आणि त्याची बायकोही आली होती. योजना सगळ्यांना तोंडपाठ झाली होती. तीन नंबरच्या धुराड्याला नवं यंत्र जोडायचं, धुरातला कार्बन पकडायचा, जमिनीखालच्या खाऱ्या पाण्याच्या थरात सोडायचा आणि कोळसा जाळत राहायचं.

"दोन हजार साठपर्यंत देशाचा कार्बन शून्य, सेके," मेदेत म्हणाला. आजोबांना सगळं गाव आदरानं सेके म्हणायचं.

"साठ साली मी एकशे पंधरा वर्षांचा असेन. येईन बघायला."

"शून्य म्हणजे धूर निघणारच नाही असं नाही. जितका निघाला तितका पकडला, की झालं शून्य."

"म्हणजे तू घरात चिखल आणायचा आणि तुझ्या बायकोनं मागून पुसत यायचं. घर स्वच्छच."

"पुसलं तर स्वच्छच की."

"तिला विचार," आजोबा म्हणाले, आणि मेदेतची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "सेके, तुम्ही रोज येत जा."

मग आजोबांनी कप बाजूला ठेवला. "त्या यंत्रात धूर पकडणारं औषध असतं, ते गरम करायला वाफ लागते. ती कुठून आणणार? तीन नंबरमधूनच. म्हणजे गावाच्या उबेतला चौथा हिस्सा धुरामागे गेला. शिवाय ब्लॉकवरचा भार सारखा वर-खाली होणार."

"मग काय, बंद करायचा ब्लॉक? पवनचक्क्या लावायच्या? जानेवारीत वारा पडला की शेकायचं कशावर?"

"उद्या बंद करा असं कुठं म्हणतो मी? कोळशानं मला जेवू घातलंय, त्याला शिव्या द्यायची माझी लायकी नाही. आधी दुसरीकडून ऊब आणा, त्याला पाच वर्षं लागोत नाहीतर सात. मग तीन नंबर विझवा. पण म्हाताऱ्या घोड्यावर नवं ओझं लादू नका."

मेदेत आणि त्याची बायको घरी गेल्यावर त्यांनी तोरगिनला कागद काढायला सांगितलं, हेच सगळं उद्या सभेत वाचायचं होतं. हात थरथरतो, म्हणाले, तू लिही. तिनं लिहिलं. एक पान झालं. खाली त्यांनी वाकडीतिकडी सही केली आणि कागद घडी करून खिशात ठेवला. "माझं वय बघून तरी ऐकतील," ते म्हणाले.

ऐकतील, याचीच तोरगिनला धास्ती होती. तीन नंबर विझला की मेदेत आज ना उद्या भावांच्या मागे जाणार. नातवंड फोनच्या पडद्यावर बघायचं. रात्रभर तिला दुसरं काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सांस्कृतिक भवनात खुर्च्या कमी पडल्या. राजधानीहून आलेल्या पाहुण्यानं रंगीत चित्रं दाखवली. मग नगरप्रमुखांचा सहायक, घामाघूम झालेला तरुण, केंद्राच्या वतीनं पुढे बसलेल्या तोरगिनकडे वाकला. "आपा, आता प्रश्नोत्तरं. म्हाताऱ्यांना आधी बोलू देऊ की शेवटी?"

तिनं उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. "प्रश्नांआधी सेकेंचा आशीर्वाद घ्या. शोभून दिसेल."

त्या पोराला ते छानच वाटलं. त्यानं ध्वनिक्षेपकावरून जाहीर केलं. सगळं सभागृह उठलं, तीनशे माणसांनी ओंजळी समोर धरल्या. सेरगाझी खिशात हात घालून कागद काढत होते. त्यांनी वर बघितलं. पसरलेल्या ओंजळींसमोर आशीर्वाद नाकारणं म्हणजे शाप देण्यासारखंच, हे त्यांना कळत होतं आणि तोरगिनलाही. त्यांची नजर सभागृहभर फिरली आणि तिच्यावर थांबली. फार वेळ नाही, एक श्वासभर. मग कागद खिशात राहिला आणि त्यांनी हात उघडले.

"हाती घेतलेलं तडीस जावो. या छताखाली कुणाला थंडी न लागो. आमीन."

"आमीन," तीनशे तोंडं म्हणाली. हात चेहऱ्यांवरून फिरले आणि लोक निघालेच. आशीर्वाद झाला म्हणजे बैठक झाली, ही सवय इथे हाडात मुरलेली. मागे कुणीतरी प्रश्न विचारत होतं, पण खुर्च्यांच्या आवाजात ते ऐकू आलं नाही. सेरगाझींना तर आता बोलताच येत नव्हतं. ज्या कामाला आपल्या तोंडानं आशीर्वाद दिला, त्याच तोंडानं त्याच्या विरुद्ध काय बोलणार?

इतिवृत्तात ओळ आली, 'ज्येष्ठांनी प्रकल्पास आशीर्वाद दिला. हरकत नाही.' केंद्राच्या वतीनं तोरगिननं सही केली.

हे झालं शुक्रवारी. दोरीचा किस्सा रविवारचा. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती घरी आली, सकाळी तळलेले पिठाचे गोळे, बावर्साक, एका ताटलीत घेतले आणि खाली गेली.

आजोबांनी दार उघडलं, चहा केला, बावर्साक खाल्ले. "मीठ कमी पडलंय," म्हणाले. शेवटी तिलाच राहवेना.

"सेके, ते मी सुचवलं होतं."

"माहीत आहे. त्या पोराला इतकी अक्कल नाही."

"मेदेतसाठी केलं."

"तेही माहीत आहे." त्यांनी आपला कप पुन्हा भरला. "कुठं उभा असतो तो? टर्बाइनच्या डाव्या अंगाला?"

"हो."

"तिथं वरून वाफेचा मोठा नळ जातो. त्यावरचा वेल्डिंगचा एक जोड माझा आहे. अठ्ठ्याहत्तर सालचा, फेब्रुवारीतला. धातू धड तापत नव्हता. मी सांगितलं, पुन्हा करू द्या. साहेब म्हणाला, उद्घाटनाची तारीख ठरलीय. मग मीही सही केली. पुढे त्यावर पट्टी बसवली. भार एकसारखा असला तर काही होत नाही, इतकी वर्षं झालंही नाही. वर-खाली करत राहिलं, तर मला सांगता येत नाही."

"तुम्ही त्या कागदात हे लिहिलं नाहीत."

"पोराची आई लिहून घेत होती. तिला कसं सांगू? म्हटलं, सभेत उभा राहीन तेव्हा बोलेन."

तोरगिनला प्रयोगशाळेतली नोंदवही आठवली. गेले दोन हिवाळे भार बदलला की तीन नंबरच्या पाण्यात लोखंड वाढलेलं दिसत होतं. आतून नळ झिजतात तेव्हा ते येतं. तिनं स्वतः ते आकडे नोंदवले होते आणि शेजारी लिहिलं होतं, 'मर्यादेत'. ते खोटं नव्हतं, मर्यादेतच होतं, जेमतेम. पोराला जवळ ठेवण्यासाठी तिनं एका म्हाताऱ्याचं तोंड बंद केलं होतं, आणि पोराला ठेवलं होतं ते नेमकं त्या जोडाखाली.

"तुम्ही आता सांगाल का, सेके? लेखी?"

"मी आशीर्वाद दिलाय, पोरी. तो परत घेता येत नाही." त्यांनी खिशातली घडी काढून तिच्यासमोर ठेवली. "तू कुठं दिलायस?"

ती प्रयोगशाळेत परतली. मुलींना नमुने आणायला पाठवलं आणि दोन हिवाळ्यांची नोंदवही टेबलावर उघडली. इतिवृत्ताच्या तळाशी बारीक अक्षरांत होतं, पाच दिवसांत हरकत कळवता येते, अमुक नंबरवर. हरकत घेणाऱ्याचं नाव आणि हुद्दा लागेल. आपल्या सहीखाली आपलीच हरकत, लोक काय म्हणतील ते म्हणोत. ब्लॉक विझेल, मेदेत जाईल. आधी त्याला सांगावं का, असं एकदा तिच्या मनात आलं. पण तो समजूत काढेल आणि आपण ऐकू, हे तिला पक्कं माहीत होतं.

तिनं फोन ओढून घेतला आणि इतिवृत्तातला तो हरकतीचा नंबर फिरवायला लागली.