खेट्याच्या वाटेवरची चप्पल

पायरीवर रक्त दिसलं आणि ते माझंच आहे हे मला कळलं नाही. मागच्या माणसानं "आजी, पाय बघा" म्हटल्यावर मी खाली पाहिलं. डाव्या तळव्यात बाटलीची काच रुतली होती. साखरेनं माझे पाय बधिर झालेत, त्यामुळं दुखलं काहीच नाही. मी स्वतःलाच म्हणाले, "चल, रांडे. तुला हेच पायजे." पुढच्या दोन पायऱ्या चढले आणि तिसरीवर कोसळले.

माघापासून पुढच्या पाच रविवारी आमच्याकडची माणसं अनवाणी चालत जोतिबाच्या डोंगरावर जातात. त्याला खेटे म्हणतात. बाकीचे नवसानं जातात, हौसेनं जातात. मी तीसेक वर्षं शिक्षा म्हणून जात होते. यंदा डॉक्टरांनी अनवाणी चालायचं नाही असं बजावलं होतं. मुलगा सर्जेराव म्हणाला, "आये, यंदा नको." मी त्याला गप केलं. लोक मला मोठी भाविक समजत. खरं सांगायचं तर देवाकडं मी कधी काही मागितलं नाही, त्याच्याशी धड बोललेही नाही.

शिक्षा कशाची, तेही सांगते. सर्जेराव सहा वर्षांचा होता, मंगल चार वर्षांची. दोघांनाही ताप होता. मालक ऊस घेऊन कारखान्यावर गेले होते. संध्याकाळी मी धारेला बसले होते. म्हैस नुकती व्यालेली, खोडीची. पान्हा सोडायलाच अर्धा तास लावायची. तिनं पान्हा सोडला आणि तेवढ्यात मंगलनं दारातून हाक मारली, "आये." मधेच उठले असते तर म्हशीनं पान्हा चोरला असता. मी म्हणाले, "थांब, एवढी धार हू दे." धार काढली, दूध डेअरीला घातलं आणि मग घरात आले. पोरगी डोळे फिरवून पडली होती. दोघांना घेऊन कोल्हापूरची एसटी धरली. मंगल वाटेतच गेली. त्या दिवसापासून मी दुधाचा थेंब तोंडात घेतला नाही, गादीवर पाठ टेकली नाही.

पायरीवर बसून मी शिव्या देतच होते. तेवढ्यात चाळिशीची एक बाई समोर येऊन बसली. कागलच्या एमआयडीसीत कामाला आहे म्हणाली. तीही अनवाणीच होती.

"मावशी, कुणाला एवढ्या शिव्या घालतायसा?"

"मलाच."

"का? तिनं काय घोडं मारलंय तुमचं?"

मला राग आला. "तू आपली वाट धर की," मी म्हणाले. ती जागची हलली नाही. तिनं बाटलीतल्या पाण्यानं पाय धुतला, काच काढली, स्वतःचा रुमाल फाडून बांधला. मग विचारलं, "म्हसरं हाईत न्हवं घरात?" तिला कसं कळलं कुणास ठाऊक. लुगड्याला वास असेल.

"म्हशीच्या खुरात काच गेली तर तिला डोंगर चढवशिला?"

"न्हाय."

"मग काय करशिला?"

"हळद-तेल लावीन. चार दिस दावणीलाच वैरण देईन."

"मग तेवढं ह्या म्हातारीचं करा की."

मग, कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते, मंगलचं सगळं सांगितलं. 'तुमची चूक नव्हती' असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी उठून गेले असते. तिनं एवढंच विचारलं, "दोघास्नी ताप हुता म्हणालासा. दुसरं?"

"दुसरा हाय. घरात हाय."

"तुमी हितं चढतासा तवा त्यो काय करतोय, कधी इचारलंय?"

परतीच्या एसटीसाठी तिनं पिशवीत चप्पल ठेवली होती. ती काढून तिनं माझ्या पायात घातली. खेट्याला चप्पल चालत नाही, मी म्हणाले. "माज्या नावावर घाला. पाप लागलं तर मला लागू दे," असं म्हणून चांगभलं ओरडत ती वर निघून गेली. त्या दिवशी पहिल्यांदा मी पायरीवरूनच देवाला हात जोडले आणि म्हणाले, आता तूच बघ, मला जमत नाही.

एकानं फोन लावून दिला, तसा सर्जेराव मोटरसायकलवरून न्यायला आला. मी डोंगर चढते तेव्हा तू काय करतोस, असं मी त्याला विचारलं. खाली बसून त्यानं माझ्या पायातल्या चपलेचा पट्टा सारखा केला. मग म्हणाला, "मी मेलो असतो आणि मंगल राहिली असती, तर तू खेटं घातलं नसतंस, असं घरात बसून वाटायचं मला."

माझ्या पोरानं लहानपणापासून हे मनात धरलं होतं. घरात कधी गोड शिजलं नाही, त्याला मी कधी मांडीवर घेतलं नाही. त्याच्याकडं बघितलं की मला शेजारची रिकामी जागाच दिसायची. मी स्वतःला मारत होते आणि मार त्यालाही बसत होता. मंगलच्या बाबतीत माझी चूक एका धारेची होती. सर्जेरावच्या बाबतीत ती तीस वर्षांची आहे आणि भरून यायची नाही. त्याची दाढी पिकायला लागली आता.

उरलेले खेटे मी एसटीनं केले, त्याच चपलेत. ती बाई परत दिसली नाही. कुणी म्हणतं देवच भेटला; ती कोण होती यावर मी वाद घालत नाही. आता दुधाचा चहा घेते. पहिल्या दिवशी कप तसाच निवत चालला, तेव्हा सर्जेराव समोर बसून राहिला. अजूनही तोंडात शिवी येते. आली की आजारी म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा हात मी आपल्याच गुडघ्यावरून फिरवते आणि म्हणते, बस, म्हातारे, हो, हो. आणि जोतिबाला सांगते, न्यायनिवाडा तुझा, माझ्या हातात नको.

त्या संध्याकाळी दोघांना ताप होता. मंगल गेली. सर्जेराव जगला.