टीव्हीवरची गाडी आणि माझा मृदंग

गणिताचा मास्तर म्हणून माझी नोकरी जेवढी शिकवण्यात गेली, तेवढीच कॉप्या पकडण्यात गेली. परीक्षेला कुणाचे ओठ जरा हलले तरी मला वर्गाच्या दुसऱ्या टोकावरून कळायचं. निवृत्त झालो, डोणगावात घर बांधलं, पण नजर काही निवृत्त झाली नाही. समोरचा बोलू लागला की मी आजही आधी त्याच्या ओठांकडे पाहतो. म्हणूनच गेल्या हिवाळ्यात माझ्याविरुद्ध काहीतरी शिजतंय, हे मी बरोबर ओळखलं.

शनिवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळात आमचं भजन असतं. मृदंगावर मी. मृदंगाच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक बायको दुपारीच मळून ठेवते, तिला सांगावं लागत नाही. तर त्या शनिवारी भजन आटोपल्यावर आमचे बुवा, म्हणजे मुख्य गाणारे, माझ्याशेजारी येऊन बसले.

"सर, तुमी तालात मांगं पडून राह्यले," ते म्हणाले. "दत्तजयंतीले त्या मोबाईलवाल्याले बसवू काय मृदंगावर? तुमी टाळ घ्या."

मोबाईलच्या दुकानाचा तो मालक मृदंग शिकला माझ्याच हाताखाली. आता त्याला माझी जागा हवी होती, आणि टाळकरी त्याला सामील होते. गेले कित्येक शनिवार ते टाळ नुसते कुरवाळत होते, आवाज म्हणून काढत नव्हते. मग मृदंगवाल्यानं ताल धरायचा कशावर? घरी येऊन बायकोला हे सगळं सांगितलं, तर ती मान खाली घालून पोळ्या लाटत राहिली. जेवणं झाल्यावर मात्र मुलीशी फोनवर बराच वेळ कुजबुजत होती. आमच्या घरात कुजबुज फार वाढली होती.

दोन-तीन दिवसांत मुलगी पुण्याहून हजर. सण नाही, वार नाही.

"काऊन आली?" मी विचारलं.

"आली अशीच," ती म्हणाली.

अशीच कुणी पुण्याहून डोणगावला येत नाही. येताना तिनं एक काळी डबी आणली होती. ती टीव्हीला जोडली, आणि पडद्यावर मोठ्या मोठ्या चौकोनी ठिपक्यांचा रस्ता उमटला. गावात पहिल्यांदा व्हिडिओ गेम आले तेव्हा दिसायचे तसला. आता तसलंच जुनं नवीन म्हणून विकतात. रस्त्यावर एक लाल गाडी. बारीक टिक-टिक वाजते, त्या प्रत्येक टिकेवर हातातल्या डब्यावरचं बटण दाबून गाडी या पट्ट्यातून त्या पट्ट्यात टाकायची. केसभर इकडंतिकडं झालं की गाडी भिंतीवर, आणि सगळं पहिल्यापासून.

"मुद्दामच अवघड बनवला हाये हा गेम," मुलगी म्हणाली.

मुद्दाम हा शब्द मी मनात नोंदवून ठेवला. पण दोनदा-तीनदा तिची गाडी आपटताना पाहिली आणि माझ्या डोक्यात वेगळंच आलं. बुवा माणूस आहे, टाळकरी माणसं आहेत. त्यांचे लागेबांधे असतील. मशीनचं माझ्याशी काय वाकडं?

"आण इकडं," मी म्हणालो. "पहिला रस्ता पार केला तर माहा ताल बरोबर. मंग दत्तजयंतीले मीच बसतो. तूच सांग बुवाले."

मुलीनं आईकडे पाहिलं, आईनं मुलीकडे. तेही मी पाहिलं.

पहिल्या दिवशी गाडी आपटून आपटून माझा अंगठा भरून आला. आमच्या भजनात शेवटाकडे लय चढतेच. देव समोर असताना कोण धीम्या चालीनं संपवतो? हात आपोआप पुढं धावायचा, आणि गाडी मात्र आपल्या त्याच चालीनं. शेवटच्या वळणावर हमखास भिंत. मुलगी बाजूला बसून टीव्ही सोडून माझ्याकडेच पाहत असायची.

"टिक-टिक येऊन राह्यली ना, बाबा?"

"येऊन राह्यली."

"नक्की?"

"हाव म्हटलं ना."

एकच गोष्ट इतक्यांदा विचारणाऱ्या माणसाच्या पोटात काहीतरी असतं. मी तिला दाद दिली नाही. उलट मला त्या खेळातली मेख सापडली होती: प्रत्येक टिकेबरोबर रस्त्याकडेचे खांब क्षणभर उजळतात. नजर माझी पहिल्यापासून पक्की. मी खांब धरले. शेवटच्या वळणावर हाताला आवरलं, आणि गाडी थोडी थोडी पुढं जाऊ लागली.

शनिवारी दुपारी गाडी वळणातून सुटली आणि पडद्यावर फटाके उडाले. पहिला रस्ता पार. मला लहान पोरासारखा आनंद झाला. मी बटणाचा डबा मांडीवर ठेवला आणि बैठकीतल्या मृदंगावर एक सणसणीत थाप दिली.

"सांग बुवाले," मी म्हणालो. "माहा ताल मांगं पडते म्हणा आता."

मुलगी हसली नाही. तिनं टीव्हीच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथं कर्ण्याचं एक छोटं चित्र होतं, त्यावर फुली. ते मला सकाळपासून दिसत होतं. मला वाटलं, खेळातलंच काहीतरी असेल.

"बाबा, आवाज बंद हाये," ती सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली. "सकाळपासून बंद हाये. मीच केला."

टाळ कुरवाळणारे टाळकरी आठवले, पोळ्या लाटताना काही न बोललेली बायको आठवली. तरी मी म्हणालो, "मंग लाव ना. लाव आता, पाहू."

तिनं रिमोट उचलला आणि आवाजाचं बटण दाबून धरलं. मी टीव्हीकडे पाहिलं नाही. तिच्या ओठांकडे पाहत राहिलो. स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली. तिचे हात मृदंगाच्या कणकेनं भरलेले होते, आणि तसेच हात तिनं दोन्ही कानांवर दाबून धरले होते.

"लावला काय?" मी विचारलं.