लघुमेंदूतला बँड

"अर्धाच भर. वरचा अर्धा सांडायचाच असतो, तो किटलीतच राहू दे," असं चहावाल्याला सांगून आमचे सर कप दोन्ही हातांनी उचलायचे. कप ओठांपर्यंत पोचेस्तोवर सगळी स्टाफरूम एकदम वह्या तपासायला लागायची. तुम्हीही असा माणूस कुठेतरी पाहिला असेल आणि तुम्हीही असंच दुसरीकडे बघितलं असेल.

देवपुरातल्या आमच्या शाळेत ते बारावीला जीवशास्त्र शिकवायचे आणि मी प्रयोगशाळेत शिपाई होतो. हात मांडीवर असले की अगदी शांत. खडू उचलला, चमचा उचलला की थरथर सुरू, आणि कोणी टक लावून पाहिलं तर विचारूच नका. "बँड सुरू झाला," एवढंच म्हणून सर लिहीत राहायचे.

हा बँड बसतो कुठे, ते मेंदूचा धडा आला की सांगायचे. डॉक्टरांनी त्यांना समजावलं होतं की हाताची हालचाल मोजून बेतशीर करायचं काम लघुमेंदूचं. तो थॅलॅमसला कळवतो, थॅलॅमस मोठ्या मेंदूला, आणि तिथून हुकूम हाताकडे जातो. सरांच्या बाबतीत हे निरोप एका ठेक्यात फिरायला लागत, म्हणून हातही त्याच ठेक्यात हलायचा. "बिघाड नेमका कुठून सुरू होतो, यावर मोठमोठ्या डॉक्टरांचंही एकमत नाही," हे सर जरा अभिमानानेच सांगायचे.

मग ते फळ्यावर मेंदू काढायचे. मेंदू तसाही वळ्यावळ्यांचा, त्यामुळे तो झकास यायचा. पण भागांची नावं दाखवणाऱ्या रेघा नागमोडी. पोरांनी त्या इमानदारीने वहीत तशाच उतरवल्या. प्रात्यक्षिकाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं की बाकी आकृत्यांत रेघा पट्टीने मारल्यात, इथेच अशा का? तर पहिल्या बाकावरची हुशार मुलगी म्हणाली, "सर, मेंदूच्या अशाच असतात."

इथवर हसण्यासारखं आहे. पुढचं सांगताना मला आजही लाज वाटते.

प्रयोगशाळेतली स्पिरिटची बाटली भराभर संपायला लागली. सरांच्या शर्टाला वास यायचा. मी आपला हात हलतो आणि वास येतो यांची बेरीज केली आणि सर पितात, असं ऑफिसातल्या क्लार्कच्या कानात घातलं. क्लार्कच्या कानात घातलेली गोष्ट त्याच संध्याकाळी पांझरेचा पूल ओलांडून धुळ्याच्या बाजारात पोचली. आठवड्याभरात दोन पालक लेखी तक्रार घेऊन हजर.

नंतर एकदा मी दारातून पाहिलं. सर स्पिरिटचा दिवा भरत होते. चार थेंब दिव्यात, बाकी टेबलावर आणि शर्टावर. वास कुठून येतो ते मला तिथल्या तिथे कळलं.

संस्थेच्या चिटणिसांनी बैठक बोलावली. समाधान झालं नाही तर सरांचा वर्ग काढून त्यांना ग्रंथालयात बसवायचं, असं आधीच ठरलं होतं. डॉक्टरांचा कागद दाखवला तर चिटणीस म्हणाले, कागद काय, कोणीही आणतो. सरांना नोकरीची चिंता नव्हती. "पुस्तकं माझी वाचून झालीत. मला पोरं हवीत," असं ते मला म्हणाले.

खरं सांगायची हिंमत माझ्यात नव्हती. एक काम मात्र केलं. सरांच्या थोरल्या बहिणीचा नंबर शोधला आणि साक्रीकडच्या त्यांच्या गावी फोन लावला.

अक्का बैठकीच्या दिवशी एसटीने आल्या. साठी ओलांडलेल्या, डोक्यावरून पदर, हातात पिशवीभर वांगी. मुख्याध्यापकांनी रीतीप्रमाणे चहा पुढे केला. अक्कांनी कप उचलला आणि अर्धा चहा तक्रारीच्या कागदावर गेला. चिटणीस कागद झटकत उठले.

"आमना आबास्ना हात बी हालेत," अक्का आपल्या वडिलांबद्दल म्हणाल्या. "मना बी हालस. मंग मी बी पेस का?" म्हणजे, मग मीही पिते का?

पालकांपैकी एकाने पुढे होऊन अक्कांचा कप बशीत ठेवला. मग सर हळूच म्हणाले की डॉक्टरांनी त्यांना एक गंमत सांगितली होती, घोटभर दारू पोटात गेली की अशी थरथर काही वेळ कमी होते. "मी पीत असतो, तर तुम्हाला कळलंच नसतं."

पालकच आधी हसले. वर्ग सरांकडेच राहिला. दुसऱ्या दिवशी सरांनी स्पिरिटची बाटली माझ्या हातात दिली आणि यापुढे दिवे तूच भर म्हणाले. एवढंच.

पुढे चार वर्षांनी ते निवृत्त झाले आणि अक्कांकडे राहायला गेले. आता दोघंही नाहीत. नोकरीच्या शेवटच्या दिवशी ऑफिसात पाच-सहा कागदांवर सह्या करायच्या होत्या आणि बँड अगदी जोरात होता. त्यांनी मला मनगट धरायला सांगितलं. मी दोन्ही हातांनी धरलं, तर ती थरथर माझ्या कोपरापर्यंत आली. तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं.

"सर, ती दारूची गोष्ट मी उठवली होती."

"ठाऊक आहे," ते कागदावरून नजर न काढता म्हणाले. "मनगट घट्ट धर."