बुधवारचे बोंबील

अंधेरीच्या आमच्या शेअर्ड ऑफिसात तो शेजारच्या टेबलावर बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. एका बुधवारी क्लायंटचा गिट रेपो, म्हणजे कोड साठवायचं कोठार, तपासताना मला त्यात एक फोल्डर रिकामा दिसला. "वाट लागली, कोड उडाला!" मी ओरडलो. तो खुर्चीसकट सरकत आला आणि चष्मा कपाळावर चढवून त्याने स्क्रीनला जवळजवळ नाकच लावलं.

"उडाला नाही रे, सबमॉड्यूल आहे. कोड दुसऱ्या रेपोत असतो, इथे नुसती खूण. गिटमॉड्यूल्स नावाची फाइल बघ, पत्ता सापडेल. आणि खूण एका ठरावीक दिवशीच्या कोडची असते हं, आजच्या कोडची नाही."

पत्ता सापडला. दुपारी त्याने डबा उघडला, तर आत काहीच नाही.

"अरे, रिकामा?"

"सबमॉड्यूल आहे," म्हणत त्याने माझ्या डब्याकडे बोट दाखवलं आणि आईने तळलेले सगळे बोंबील संपवले.

गुरुवारी मी आपणहून डबा पुढे केला. त्यातली भेंडी बघून त्याचं तोंड पडलं.

"माझी खूण बुधवारची आहे, यार."

हल्ली त्याची खुर्ची रिकामी असते. मी काळजी करत नाही. असेल कुठल्यातरी दुसऱ्या ऑफिसात, कुणाच्यातरी डब्याकडे बोट दाखवत.