काळ्या कापडाखालची काशम्मा

काशम्माच्या पाच प्लेटांचं वाटोळं मी केलं, आणि ते करत असताना मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

बार्शी सोडून आमची बैलगाडी बालाघाटाच्या डोंगरात शिरली तेव्हा वाट अशी होती, की एक चाक आभाळात तर दुसरं पाताळात. काशम्मानं कॅमेऱ्याची पेटी स्वतःच्या मांडीवर घेतली आणि काचेच्या प्लेटांचे तीन लाकडी डबे माझ्याकडे दिले. एका डब्यात दोन प्लेटा, पुढून एक आणि मागून एक. "सांभाळा मास्तर, काच हाय," एवढंच ती म्हणाली. मी सांभाळले. इतके सांभाळले, की भैरोबाच्या तळ्याशी पोचल्यावर ती तोंड धुवायला पाण्याकडे गेली तेवढ्यात मी एका दगडावर बसलो आणि डब्यांची झाकणं एकेक करून वर ओढून, कुठली काच तडकली तर नाही ना, हे भर उन्हात नीट तपासलं.

"काशम्मा, काळजी नको!" मी ओरडून सांगितलं. "पाच बघून झाल्या, एकही फुटली नाही!"

ती ओल्या तोंडानं तशीच धावत आली. सहाव्या झाकणावर माझा हात होता. तो तिनं असा झटकला, की मास्तरकीच्या अठरा वर्षांत मीही कुठल्या पोराचा झटकला नव्हता.

"यप्पा!" ती मटकन खाली बसली. "उजेड लागला की प्लेट मेली की हो. पाच मारलासा तुमी."

मी छत्री उघडून तिच्या डोक्यावर धरली. दुसरं काय करणार?

काशम्मा माझी सोलापूरच्या बाळीवेशीतली शेजारीण. तिच्या माडीवर 'तिप्पण्णा फोटोग्राफर' अशी पाटी होती. तिचा नवरा तिप्पण्णा जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण पाटी तीच. नवीन गिऱ्हाईक विचारी, "मालक आहेत का?" काशम्मा म्हणे, "हायेत की, आत." गिऱ्हाईक आत जाई तर भिंतीवर हार घातलेले तिप्पण्णा. नवरा होता तोवर ती अंधाऱ्या खोलीत बसून प्लेटा धूत असे. धुता धुता सगळी विद्या तिनं उचलली. शाळेचे वर्ग, तालमीचे पैलवान, वारलेली माणसं, सगळ्यांचे फोटो ती काढी. फक्त लग्नाला तिला कुणी बोलवत नसे. विधवा बाई, तीही बरोब्बर नवरानवरीच्या समोर तीन पायांवर ठाण मांडून उभी राहणार, कोण बोलवील?

हिंदुरावनं बोलावलं. हा माझा बालमित्र, कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात फिटर. त्याची बायको बाळंतपणात गेली होती. गिरिजा पंधराव्या वर्षी विधवा होऊन सात वर्षं भावांच्या घरी भाकऱ्या थापत होती. दोघांचं ठरलं. पण भाऊ खानदानाला जपणारे. विधवेनं पाट लावायचा, म्हणजे दुसरं लग्न करायचं, हेच त्यांना मान्य नाही. ज्यांच्यात पाट चालतो तेही तो रात्री, गावाबाहेर, अंधारात उरकतात. बघणाऱ्याला अपशकुन नको म्हणून. हिंदुराव म्हणाला, "मी काय डबा चोरतोय रेल्वेचा? दिवसा लावीन. आणि फोटो काढून लावीन." दिवस त्यानं मिळवला, पण भावांच्या काठ्यांपासून लांब म्हणून जागा शोधली ती ही, डोंगराच्या कुशीतली. चहूकडे कातळ, मध्ये हिरवं पाणी, काठावर भैरोबाचं ठेंगणं देऊळ. वऱ्हाड म्हणजे आम्ही दोघं, देवळाचा गुरव आणि हिंदुरावची आत्या सोजरबाई.

फोटोची खरी गरज मात्र हिंदुरावला नव्हती. ती होती गिरिजेच्या आईला, बजाबाईला. पोरीला तिनंच पहाटे मागच्या दारानं काढून दिलं होतं. स्वतः निघाली असती तर पोरांनी गाव गोळा केलं असतं. त्याआधी बाजाराला सोलापुरात आली तेव्हा तिनं माझ्या बायकोजवळ निरोप दिला होता: "मला यायचं न्हाय नशिबात. माज्या पोरीचं तोंड तेवढं दावा. तिच्या कपाळाला कुक्कू कसं दिसतंय, ते मला एकडाव बघू द्या."

सोलापूरच्या इतर फोटोग्राफरांनी पाट म्हटल्यावर कानांना हात लावले होते. काशम्माला विचारलं तर ती म्हणाली, "बघितलं तर काय हुतंय? माझं आनि काय व्हायचं ऱ्हायलंय?" आणि तिनं सहा प्लेटा भरल्या होत्या. त्यातली आता एक शिल्लक होती.

एवढ्यात सोजरबाई पुढं आली. आत्या म्हणजे मोठं प्रकरण. चार दिवस रुसून, पाचव्या दिवशी 'भावाचा एकच पोरगा हाय' म्हणून आली होती.

"हिंदू, ही बाई म्होरं हुबी ऱ्हाणार?"

"फोटो काढायचाय की, आत्ती."

"रांडाव बाई! शुभकार्यात!"

"आत्ती, मग गिरिजा कोण हाय?"

"तिची गोष्ट येगळी. ती आता घटकाभराची रांडाव हाय."

हिंदुरावनं माझ्याकडे पाहिलं. मी तर मास्तर. मी पुन्हा छत्री उघडली. काशम्मानं कॅमेरा तिकाटण्यावर बसवला, काळं कापड डोक्यावर ओढलं आणि आतून आवाज आला, "आत्ती, आता दिसतंय का कोन तुमाला?"

सोजरबाईनं कापडाभोवती एक फेरी मारली. "न्हाय बा."

"मग मी हितं न्हायच. तुमी चालू द्या."

सोजरबाईचं समाधान झालं. पुढं तासभर ती त्या कापडाशी गप्पा मारत होती. "का गं, तुला उकडत न्हाय का आत?" असंही एकदा विचारलं.

गुरवानं भंडारा उधळला. हिंदुरावनं गिरिजेच्या कपाळाला कुंकू लावलं, गळ्यात डोरलं बांधलं. हाच तो क्षण म्हणून मी छत्री भिंगावर सावलीला धरून श्वास रोखला. कापड हललं नाही. डोरलं बांधून झालं, हार घालून झाले, गूळ वाटून झाला. कापड ढिम्म.

"काशम्मा, झालं की लगीन!" हिंदुराव कळवळून म्हणाला.

काशम्मा बाहेर आली. "डोरलं बघायचं न्हाय तिच्या आईला. तोंड बघायचंय. तोंड कुटं हाय?"

खरंच की. गिरिजेची मान खालीच. सात वर्षं खाली घातलेली मान ती, कुंकू लावलं म्हणून काय लगेच वर येणार? हिंदुरावनं विनवलं, आत्तीनं दटावलं, मीही "वर बघ, घाबरू नकोस" असं फळ्यापाशी उभं केलेल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. मान आणखी खाली. आणि प्लेट एकच.

काशम्मानं मग जे केलं ते कुठल्याही फोटोग्राफरनं केलं नसेल. तिनं नवरीचा हात धरला, तिला कॅमेऱ्यामागं आणलं आणि काळ्या कापडात घेतलं. "हितं बघ, ह्या काचेवर. कोन दिसतंय?"

कापडाखाली दोघी. बाहेर आम्ही चौघं. आणि मग आतून खुदकन हसू आलं.

"उलटं दिसत्यात!" गिरिजेचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "हे बी उलटं, आत्ती बी उलट्या. तळं वर गेलंय."

"सगळ्या जगाचं तसंच असतंय हितनं," काशम्मा म्हणाली. "आता जा, त्याच्याजवळ हुबी ऱ्हा. आनि ह्या भिंगाकडं बघ. तुझी आई हितं आत बसलीया. उलटं हुईना का, तुलाच बघायलीया."

गिरिजा जाऊन उभी राहिली. काशम्मानं प्लेट चढवली, झाकण ओढलं, भिंगाची टोपी काढली. "एक..." गिरिजेनं मान वर केली. हसू ओठांवर होतंच. डोळे मात्र भरून आले. "...दोन." टोपी बसली.

सोलापूरला परतल्यावर काशम्मानं स्वतःला अंधाऱ्या खोलीत कोंडून घेतलं. मी जिन्यावर बसून राहिलो. दाराला हात लावायची परवानगी मला नव्हती, आणि ते योग्यच होतं. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "आली!"

आली खरी. हिंदुरावचा एक खांदा चौकटीबाहेर गेला होता. सोजरबाईनं ऐन वेळी नाक पुसल्यामुळे तिला दोन नाकं आली होती. पण मध्यभागी गिरिजा सरळ, थेट बघत होती, कपाळाला ठसठशीत कुंकू, आणि डाव्या गालावर पाण्याची एक चमकती रेघ.

आता, काचेवर पेन्सिल आणि बारीक पातं चालवावं तर काशम्मानंच. तिनं किती मुलींच्या गालांवरचे देवीचे वण घालवून त्यांची लग्नं जमवली होती, याची मोजदाद नाही. दोन दिवस ती त्या काचेवर वाकून होती. आत्तीचं एक नाक तिनं घालवलं. मला वाटलं, पोरीचं रडूही घालवील. आईला कशाला उगाच घोर?

सोमवारी सिद्धेश्वराच्या दर्शनाचं निमित्त काढून बजाबाई आली. तळ्याच्या पायऱ्यांवर आम्ही तिच्या हातात फोटो दिला. तिनं तो आधी कपाळाला लावला, मग लांब धरला, मग जवळ. कुंकवावर बोट ठेवलं. "लागलं गं बाई," एवढंच म्हणाली. नंतर तिचं बोट गालाशी आलं आणि थांबलं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि फोटोतल्या त्या गालावरून हळूच फिरवलं. एकदा, दोनदा, झोपलेल्या लेकराला जाग येऊ नये तसं. मग फोटो चोळीच्या आत सरकवून ती देवळाकडे निघून गेली, मागं न बघता.

परतताना मला राहवेना. मी म्हणालो, "काशम्मा, तुम्ही गावाचे वण पुसता. मग ते एवढंसं पाणी का राहू दिलंत?"

"मग आईनं काय पुसायचं, मास्तर?"