जेऊरपर्यंत एक स्वच्छ खोली

सकाळी सहाची पिशवी झाली आणि सातला आम्ही पुणे सोडलं. जीपच्या मागे माझ्या पुतण्याचं फिरतं घर जोडलेलं होतं. म्हणजे दोन चाकांवरची पांढऱ्या पत्र्याची एक खोली. आत पलंग, ओटा, छोटी मोरी आणि संडास. पलंगाखाली औषधी पाण्याच्या चोवीस पिशव्या होत्या. पाच दिवसांच्या वीस, आणि अडचणीला चार.

या पिशव्यांचं आधी सांगायला हवं. माझी बायको सुमन, तिची मूत्रपिंडं दोन वर्षांपूर्वी निकामी झाली. तेव्हापासून तिचं डायलिसिस घरीच चालतं, पोटातून. पोटात बसवलेल्या नळीवाटे दिवसातून चार वेळा जुनं पाणी बाहेर काढायचं आणि पिशवीतलं नवं भरायचं. दुखत काही नाही. पण त्या अर्ध्या तासात नळीच्या तोंडाशी धूळ पोचली, मळका हात लागला, तर पोटात जंतू जातात आणि जिवावर बेततं. म्हणून आमच्या घरातली एक खोली त्यासाठीच ठेवली आहे. दोन वर्षं सुमन त्या खोलीपासून लांब गेलेली नव्हती.

तिची थोरली बहीण हिराआक्का जेऊरजवळ वस्तीवर (शेतातल्या घरात) राहते. तिचे गुडघे गेलेत, पुण्यापर्यंतचा प्रवास झेपत नाही. दिवाळीत फोन ठेवताना सुमन म्हणाली, "आक्का येऊ शकत नाही, मी जाऊ शकत नाही." एकदाच म्हणाली. मी एसटीच्या कार्यशाळेत पत्रे ठोकण्यात आयुष्य काढलेला माणूस. मनात आलं, सुमन खोली सोडू शकत नसेल तर खोलीच जेऊरला न्यावी. इस्पितळातल्या नर्सबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "न्या. पण खोली घरच्याइतकीच स्वच्छ पाहिजे, काका. प्रवासात आहोत म्हणून सूट नाही."

पहिला मुक्काम मोडनिंबला. कार्यशाळेतला माझा जुना सोबती दत्तू तिथे बोरांची बाग सांभाळतो. बागेला कुंपण, आत नळ, झाडांची सावली. मी सगळं फोनवर विचारून ठेवलं होतं. दुपारी बाराला पोचलो, दार उघडलं आणि तसाच उभा राहिलो. ओट्यावर, पलंगावर, आरशावर पिठासारखी बारीक धूळ बसली होती. दाराच्या खालच्या फटीतून आणि छताच्या झरोक्यातून सगळा हमरस्ता आत आला होता. पिशवीची वेळ साडेबाराची.

मी केरसुणी उचलली आणि दोन हात मारले. धूळ उठली आणि पुन्हा तिथेच बसली. जीपमध्ये बसलेली सुमन काच खाली करून म्हणाली, "अहो, झाडू नका. पुसा. ओल्या फडक्यानं, वरून खाली."

तिनं जीपमधून सांगायचं आणि मी करायचं, असं चाललं. आधी छत, मग भिंती, मग ओटा, शेवटी जमीन. फडकं एकदा फिरवलं की बादलीत, तेच पुन्हा नाही. दत्तू नळावरून बादल्या आणून दारात ठेवत होता. "वैनी, तुमी ह्याला लईच कामाला लावलाय की," तो म्हणाला. पिशवी एक वाजता लागली. अर्धा तास उशीर चालतो, असं सुमन म्हणाली, पण मला तो चालला नाही. संध्याकाळी दत्तूकडून सायकलच्या जुन्या ट्यूब घेतल्या, त्यांच्या पट्ट्या कापून दाराच्या फटीला चिकटवल्या, झरोक्यावर ओलं फडकं ताणून बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माढ्यात चहाला थांबलो. बाजारातून पांढरं सुती कापड घेतलं आणि दुकानदाराकडूनच त्याचे तुकडे फाडून घेतले. "एवढी फडकी कशाला हो?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "पुसायला." त्यानं माझ्याकडे, मग जीपमधल्या सुमनकडे पाहिलं आणि तुकड्यांची घडी बांधून दिली. माढ्यापासून पुढे रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्याच ट्रॉल्या. त्यांच्या मागे हळूहळू चालायचं, ओलांडायची घाई नाही, असं ठरवून ठेवलं होतं. जेऊरला येऊन दार उघडलं, ओट्यावर बोट फिरवलं, तर बोट कोरडं आणि स्वच्छ निघालं. एखादी गाडी दुरुस्त होऊन चालू झाल्यावर व्हायचा तसा आनंद मला झाला.

वस्तीवर आक्का अंगणात काठी टेकून उभी होती. दोघी बहिणी किती तरी वेळ एकमेकींचे हात धरून होत्या. मग आक्का डोळे पुसून म्हणाली, "वाळलीस गं." आजूबाजूच्या वस्त्यांवरून चार बायका गाडी बघायला आल्या होत्या. दुपारची पिशवी जवळ आली तशी सुमन आत गेली, तिच्या मागोमाग आक्काही पायरीवर चढली. मी आडवा आलो.

"आक्का, आत नको."

"का वो पाव्हणं?"

"धूळ जाते आत. पायाला माती असते, कपड्यांना गोठ्याचं लागलेलं असतं."

आक्कानं पाय मागे घेतला. बायकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी घाण हाय व्हय?" एवढंच म्हणाली आणि काठी टेकत घरात गेली.

मी दार लावून घेतलं. माझं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. सुमननं हात धुतले, तोंडाला पट्टी बांधली, पिशवी लावली. सगळं उरकल्यावर म्हणाली, "दोन वर्षांनी भेटले मी तिला. तुम्ही तिला चारचौघींत दारातून परत पाठवलंत." मी जंतूंचं बोलायला लागलो. ती म्हणाली, "ते मला ठाऊक आहे. हात धुवायला सांगायचं होतं." त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही.

तरीही आक्कानं जेवायला मला आधी वाढलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वांग्याचं भरीत. सुमनसाठी वेगळी, बिनमिठाची अंडी. त्याबद्दल तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, तिनं सुमनकडून कधी तरी फोनवर ऐकून ध्यानात ठेवलेलं होतं. मला भाकरी गोड लागली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी खोली जंतुनाशक घातलेल्या पाण्यानं पुसून काढली आणि वाळायला खिडक्या उघड्या टाकून गोठ्याकडे उभ्या केलेल्या जीपचं पाणी बघायला गेलो. शेजारच्या रानात ऊस तुटून गेला होता आणि तिथल्या शेतकऱ्यानं पाचट (उसाचा वाळका पाला) पेटवलं होतं. वारा फिरला आणि काळी राख चादरीसारखी वस्तीवर आली. मी धावलो तोवर उशीर झाला होता. पलंग, भिंती, ओटा, सगळीकडे काळी पानं. हात लावला की त्यांची काजळी व्हायची. पावणेबारा झाले होते.

खिडक्या लावल्या, फडकी ओली केली, वरून खाली पुसायला लागलो. काजळी पसरत होती. पहिल्या भिंतीलाच पाच फडकी गेली. घाम गळून ओट्यावर पडत होता, तोही पुसावा लागत होता. एकट्याला हे अर्ध्या तासात होणार नाही हे मला दिसत होतं, आणि हाक कुणाला मारायची हे कळत नव्हतं.

तेवढ्यात पायरीशी आक्काचा आवाज आला. "पाव्हणं, हात धुतल्यात. कोपरापतुर, साबनानं. धुतलेलं लुगडं नेसलंय. येऊ का?"

तिनं डोक्याला स्वच्छ पंचा बांधला होता. तोंडावर दुसरा. काखेत धुऊन उन्हात वाळवलेल्या जुन्या लुगड्यांच्या घड्या. आदल्या संध्याकाळी ती सुमनला सगळं विचारून बसली होती, हे मला नंतर कळलं.

"या आक्का," मी म्हणालो. "काल चुकलं माझं."

"ते ऱ्हाऊ द्या. कसं पुसायचं ते सांगा."

तिचे गुडघे वाकत नव्हते, म्हणून भिंती आणि ओटा तिनं घेतला, जमीन मी. ती पुसायला लागल्यावर मला कळलं की मी दोन दिवस नुसता जोर लावत होतो. ती आधी कोरड्या लुगड्यानं राख टिपायची, घासायची नाही, मग ओलं फिरवायची. काजळी पसरतच नव्हती. पलंगाची चादर बदलली, पिशवी टांगायचा खिळासुद्धा तिनं पुसला. साडेबाराला सुमन आत आली, सगळीकडे नजर फिरवली आणि मान हलवली.

आक्का जायला निघाली. सुमन म्हणाली, "थांब. बस हितं."

दार लावलं. पंखा बंद. सुमननं कपडा बाजूला केला आणि आक्कानं बहिणीच्या पोटातून निघालेली ती नळी पहिल्यांदा पाहिली. पंच्यावर तिचे डोळे तेवढे दिसत होते. जुनं पाणी खालच्या पिशवीत उतरत होतं आणि ती ते बघत होती.

त्या दिवसाची धास्ती मात्र मनातून गेली नव्हती. जंतू गेले असतील तर पोटातून निघणारं पाणी गढूळ येतं. ते ओळखायची रीत सोपी आहे. भरलेली पिशवी छापील कागदावर धरायची, आरपार अक्षरं वाचता आली पाहिजेत. संध्याकाळी वाचता आली. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहाच्या आधीच उठून बसलो. पिशवी भरली. आक्कानं घरातून दिनदर्शिका आणली आणि पिशवी तिच्यावर धरली. आक्का चौथीपर्यंत शिकलेली. पाण्यातून एकेक अक्षर लावत तिनं सबंध ओळ वाचली, आणि मग पुढचीही. सुमन हसायला लागली.

"पुरे की गं," ती म्हणाली.

"थांब, लई झ्याक दिसतंय," आक्का म्हणाली.

पाचव्या दिवशी निघालो. आदल्या दिवशी हुरडा खाल्ला होता, सुमननं मूठभरच. निरोप घेताना दोघी रडल्या नाहीत. परतीच्या वाटेवर दुपारी टेंभुर्णीच्या पुढे एका झाडाखाली थांबलो आणि मी फडकं टिपत टिपत फिरवलं, आक्काच्या पद्धतीनं. सुमन बघत होती.

पुण्यात पोचल्यावर खोली धुऊन पुतण्याला परत दिली. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांना मला एवढंच सांगायचं आहे की प्रवास होतो. मेहनत आहे, पण होतो. मात्र स्वच्छता एकट्यानं राखायचा हट्ट मी धरला होता, तो धरू नये. दारात येणाऱ्या माणसाला साबण द्यावा, पाणी द्यावं आणि आत घ्यावं. आमच्या घरच्या खोलीत मी दोन वर्षं शेजाऱ्यांनाही येऊ दिलं नव्हतं. परवा शेजारच्या वहिनी सुमनची चौकशी करायला आल्या. मी त्यांना मोरी दाखवली, टॉवेल हातात दिला आणि आतल्या खोलीत दुसरी खुर्ची मांडली.