कूलर बंद असतानाचं रीडिंग

“हे रीडिंग तू घरी बसून लिहिलं,” मी म्हणालो. सुषमानं वही पुढेच धरून ठेवली.

मे महिना. अमरावतीच्या आमच्या लॅबच्या खिडकीत पाण्याचा मोठा कूलर ओली, गार हवा फेकत घरघरत होता. सुषमा माझी पीएचडीची विद्यार्थिनी, बाळापूरची. आम्ही सेंद्रिय रसायनांचे सोलर सेल करायचो. काचेवर द्रावणाचे थेंब टाकायचे, काच गरगर फिरवायची, की पातळ थर बसतो. असे थर एकावर एक. त्यातला एक बिघडला तरी ऊन असून करंट मिळत नाही.

तिच्या सेलला भरपूर करंट होता. मी दुपारी तोच सेल तीनदा केला. थर दुधाळ, करंट नावापुरता.

“सर, सकाळी कूलर बंद असते न. आता हवेत पाणी येऊन राहिलं. खालचा थर ते पिऊन घेते. एकडाव बंद करून पाहा.”

“या उन्हात? मले मारतं काय?”

मी कूलर बंद केला नाही. तिच्या प्रगती अहवालात लिहिलं : नोंदी विश्वासार्ह नाहीत. ती गावी निघून गेली.

पंधरा दिवसांनी कूलरचा पंप जळाला, कूलर बंद पडला. घाम पुसत मी सेल केला. थर नितळ बसला. करंट तिच्या वहीत होता तेवढाच.

अहवाल बदलायला एक अर्ज पुरे होता. मी तो केला नाही. शोधनिबंधात ‘कोरड्या हवेत’ एवढे दोन शब्द घातले. तिचं नाव घातलं नाही.

त्यानंतर दर मे महिन्यात वाटायचं, दारातून कुणीतरी म्हणावं, “सर, बंद करा न.” कुणी म्हणालं नाही.

इतक्या वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, गेल्या महिन्यात विद्यापीठाला आणि जर्नलला सगळं लिहून कळवलं. प्रत घेऊन बाळापूरला गेलो. ती शाळेत विज्ञान शिकवते. तिनं पत्र दोनदा वाचलं.

“पंप जळाला त्याच दिवशी फोन कराचा होता, सर. वर्षभर माही बॅग भरलेलीच होती.”

मग तिनं चहा टाकला.

जर्नल तिचं नाव जोडणार आहे. पीएचडीची नोंदणी मात्र माझ्या त्या अहवालामुळे कधीच रद्द झाली. ती परत मिळणार नाही, असं विद्यापीठानं कळवलं.

आम्ही वहीत रोज तापमान लिहायचो. हवेतला ओलावा लिहायचा रकाना नव्हता. तो आखून घ्यावा. आणि विद्यार्थी बंद करा म्हणाला, तर कूलर एकदा बंद करून पाहावा.